मंडळी

मराठीतल्या काही शब्दांचे मला लहानपणापासून कौतुक वाटत आले आहे. 'मंडळी' हा त्यांतलाच एक. कीर्तनकारबुवा उपरणे सावरीत 'तेव्हा मंडळी' असे म्हणाले, की समोरची यच्चयावत माणसे, आजीच्या मांडीवर झोपलेल्या पोरासकट, त्या शब्दात गोळा होतात. 'घरची मंडळी कशी आहेत?' ह्या प्रश्नात सगळे खटले येते. आणि आमच्या वडिलांच्या पिढीतले गृहस्थ जरा खाली पाहून 'आमची मंडळी माहेरी गेलीय' असे म्हणत, तेव्हा ही मंडळी म्हणजे एकच व्यक्ती, हे ऐकणाऱ्याला बरोबर समजे. बायकोचे नाव घ्यायचे नाही ह्या संकोचातून तो प्रयोग निघाला असेल. पण एका माणसाला साऱ्या समुदायाचे नाव देण्यात जी समजूत आहे, ती व्याकरणाच्या पुस्तकात सापडायची नाही.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नव्या करारात इंग्रज माणूस जिथे 'चर्च' वाचतो, तिथे आमच्या मराठी पुस्तकात 'मंडळी' आहे. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. अथेन्समध्ये नागरिकांना बोलावून भरवलेल्या सभेला तो लावीत. त्यात दगड नाही, चुना नाही, मनोरा नाही की घंटा नाही. येशूनंतरची पहिली दोनशे वर्षे त्याचे अनुयायी बहुतेक कुणाच्या तरी घरातच जमत. ज्या कुणा भाषांतरकाराला हा शब्द प्रथम सुचला, त्याला मी मनातल्या मनात पुष्कळदा नमस्कार केला आहे.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा चर्चचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, आमच्या घरी दिवाळीत तीन घरांतून फराळाचे डबे येतात आणि नाताळात तेच डबे करंज्यांनी भरून परत जातात. तेव्हा ह्या ताटाशेजारी बसण्याचा थोडाबहुत हक्क मला आहे.

मी मूळचा नगरकडचा. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, माझी जीभ अजून जुन्याच वळणाची आहे.) तिथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले आणि पुढे केव्हातरी आमचे एक पूर्वज त्यांच्या शाळेच्या पायरीवर बसून मुळाक्षरे शिकले. आमच्या घरात धर्म आला तो असा, पाटीवरून. माझ्या लहानपणी 'चर्च कशासाठी?' हा प्रश्न कुणी विचारीतच नसे. रविवार उजाडला की वडील कोळशाच्या इस्त्रीने सदरे कडक करीत, आई पांढरे पातळ नेसे, आणि आम्ही भावंडे ओळीने निघत असू. उपदेश चालू असता मी पेंगलो, तर मागच्या बाकावरून कुणातरी मावशीचे बोट मानेला लागे. त्या मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. पण मला टोचण्याचा अधिकार त्यांना मंडळीने दिलेला होता, आणि त्या तो बजावीत.

नोकरीनिमित्त पुण्यात आलो, शाळामास्तर झालो, तिथल्या एका चर्चमध्ये नाव घातले. कोणत्या, ते सांगत नाही. कारण आता थोडे कडू बोलायचे आहे. निवडणुका आल्या की पंचांमध्ये तट पडत. आवारातली जमीन कुणाच्या नावावर, ह्यावर वर्षानुवर्षे कागद फिरत. गायनाला हार्मोनियम असावी की गिटार, ह्यावरून एका कमिटीवाल्या गृहस्थांशी माझा दोन वर्षे अबोला होता. (मी हार्मोनियमच्या बाजूचा होतो, आणि अजून आहे.) प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही दोघे एकाच रांगेत गुडघे टेकत असू आणि बाहेर येऊन निरनिराळ्या दारांनी घरी जात असू. हे सगळे पाहून तरुण मुलांनी पाठ फिरवली, तर त्यांना फार दोष देता येत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे माल्याला राहायला गेलो. मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यावरचे हे गाव. मुलाने तिथे चार गुंठे घेऊन लहानसे घर बांधले होते, आणि पुण्यापासून चाळीसएक किलोमीटर म्हणजे काही परदेश नव्हे, असे त्याचे म्हणणे. आमची मंडळी (हा शब्द मी आता वडिलांच्या अर्थाने वापरतो आहे) आयुष्यभर परिचारिका होती. महिन्याभरात गावातल्या बायका रक्तदाब मोजून घ्यायला आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. ती झाली 'सिस्टर', मी झालो 'सर', आणि भातखाचरांच्या त्या हिरव्या गावात आमचे बरे चालले.

अडचण रविवारची. पावसाळ्यात रविवारी अर्धे पुणे धबधबे पाहायला ताम्हिणीच्या दिशेने निघते, आणि आम्ही दोघे म्हातारे उलट दिशेने उपासनेला. जाताना रस्ता मोकळा; येताना मात्र मोटारींची अशी रांग, की घरी पोचेपर्यंत सकाळचा उपदेश डोक्यातून उतरून पोटात भूक चढलेली असे. एका रविवारी मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, देव काय तिथेच बसलाय का? इथे एवढा डोंगर आहे, पाणी आहे, शांतता आहे. इथेच डोळे मिटा की."

मी काही बोलायच्या आत हिने कुकरचे झाकण लावीत उत्तर दिले, "देव इथं आहे, ते ठाऊक आहे रे मला. पण माझ्या शेजारी बसतात त्या मावशी इथं नाहीत."

मुलगा हसला. मी मात्र ते वाक्य घेऊन अंगणात जाऊन बसलो. कारण मुलाचे म्हणणे काही अडाणीपणाचे नव्हते. त्याच्या बाजूने खुद्द येशूची साक्ष काढता येते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या, आणि तिथे एकांतात पित्याशी बोला. ह्याहून स्पष्ट काय पाहिजे? आता गंमत पाहा. त्याच अध्यायात, दोनचार वाक्यांनी पुढे, तो शिष्यांना प्रार्थना शिकवतो. जगभरचे ख्रिस्ती लोक 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात ती हीच. त्या प्रार्थनेत 'मी' नाही, 'माझे' नाही, 'मला' नाही. पिता आहे तो आमचा. भाकर मागायची ती आम्हाला. क्षमा मागायची ती आमच्या अपराधांची. म्हणजे खोली एकट्याची, दार लावलेले, कडी घातलेली, आणि तोंडात शब्द मात्र सगळे अनेकवचनी! ज्याने ही प्रार्थना शिकवली त्याला व्याकरण येत नव्हते असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? दार लावून आत गेलेल्या माणसाच्या पाठोपाठ त्याने सगळी मंडळी आत धाडली आहे.

ह्या प्रश्नाने आपल्याकडच्या थोरांनाही स्वस्थ बसू दिलेले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांना नवा करार मिळाला तो आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. वाचला त्यांनी एकट्याने. डोंगरावरच्या प्रवचनाने भारले गेले तेही एकट्याने. घरच्यांना कळले तर काय होईल, हे जाणून ते मनातल्या मनात ख्रिस्ती राहू शकले असते. पण 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतलाच, आणि त्यापायी लक्ष्मीबाईंचा नि त्यांचा कैक वर्षांचा वियोग झाला. पुढे 1917 साली ह्याच टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर ज्यांचे प्रेम आहे असे सगळे ह्या दरबारात यावेत, अशी त्यांची कल्पना. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला तो माणूस; ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने आलो, असे तो उघड सांगे. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, टिळक वारले, आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. विद्वान लोक ह्याला अपयश म्हणतील. मला त्यात दुसरेच दिसते. एका मंडळीत जीव रमेना म्हणून हा कवी बाहेर पडला, तो एकटा राहायला नव्हे. आणखी मोठी मंडळी जमवायला.

आमच्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडजवळ केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. माल्यात पाऊस थांबत नाही आणि केडगावला तो येत नाही, इतके हे दोन मुलूख वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत बाईंनी उपाशी मुली नि बायका शेकड्यांनी तिथे आणल्या. 1905 साली त्या मुलींच्या प्रार्थनेची जी लाट उठली तिच्याबद्दल देशोदेशी लिहिले गेले. मला त्या लाटेपेक्षा तिथल्या विहिरी अधिक बोलक्या वाटतात. प्रार्थना, रहाट, माग आणि छापखाना सगळे एकाच कुंपणात. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी सगळे बायबल मराठीत केले. त्याचे खिळे जुळवले ते आश्रमातल्या बायकांनीच. 1922 च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या तेव्हा ते काम नुकते हातावेगळे झाले होते. चर्च कशासाठी, ह्यावर त्यांनी काही प्रबंध लिहिला असेल-नसेल. मला त्या कुंपणातली विहीर पुरे.

माल्यात आमच्या शेजारी एक आबा राहतात. त्यांच्या आजोबांचे गाव धरणाखाली गेले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचे हे धरण झाले, आणि त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते ह्याच लढ्यात. सत्याग्रह मोडला, पाणी चढले. आबा सांगतात, त्यांच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून डोक्यावरून आणले. देऊळ तिथेच राहिले. मी विचारले, "मग भजन कुठं करायचे?" आबांना प्रश्नच कळेना. "जिथं टाळ असतील तिथं," म्हणाले. मग थोडे थांबून, "टाळ काय, टाळकरी पायजेत."

2018 मध्ये हिची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. ह्या फेऱ्यांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. ज्यांच्या घरी त्या झाल्या त्यांना ठाऊक आहेत, आणि बाकीच्यांना त्या न कळोत. मग 2020 चा मार्च आला आणि सगळ्या देशाची दारे लागली, चर्चचीही. 12 एप्रिलचा ईस्टर आम्ही मोबाईलवर साजरा केला. पाळकसाहेब रिकाम्या बाकांपुढे उभे राहून एका फोनला उपदेश करीत होते. आमच्याकडे रेंज येई ती अंगणातल्या एका धोंड्यावर. तेव्हा ही खुर्चीवर आणि मी धोंड्यावर, अशी उपासना झाली. गायन सुरू झाले की आवाज तुटे. ही म्हणाली, "मावशी दिसतात का बघा हो." पडद्यावर मावशी कुठून दिसणार!

ऑगस्टमध्ये ती गेली. भाताची लावणी उरकली होती आणि पाऊस कोसळत होता. दफनाला वीस माणसांची मर्यादा. त्यांतली निम्मी घरचीच. ज्या मंडळीत तिने चाळीस वर्षे काढली तिच्यातले चारपाच जण तोंडाला फडके लावून दूर उभे होते. मावशी आल्या नाहीत. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. मुलगा पंधरा दिवस राहून परत गेला. मग घरात मी, पाऊस, आणि ओट्यावर ते रक्तदाबाचे यंत्र.

त्या काळात मला प्रार्थना येईना. येईना म्हणजे शब्द विसरलो असे नव्हे. साठ वर्षांचा पाठ आहे तो. रात्री दिवा मालवून गुडघे टेकायचे आणि पहिल्याच शब्दाला अडायचे. 'आमच्या.' कुणाच्या? ह्या घरात 'आम्ही' म्हणावे असे कोण उरले होते? 'माझ्या' म्हणून पाहिले. ते तोंडात बसेना. मग तसाच उठे आणि अंथरुणावर पडून राही. देवावर माझा राग नव्हता, श्रद्धा उडाली असेही नव्हते. पण अनेकवचन एकट्याने पेलत नव्हते.

आणि मग रात्री आठ वाजता फोन वाजू लागला. पुण्यात कुणीतरी यादी केली होती म्हणे. एकेका रात्री एकेका कुटुंबाची पाळी. मी धोंड्यावर छत्री घेऊन उभा राही. पलीकडून दोन वाक्ये इकडची तिकडची, 'जेवलात का सर', 'पाऊस काय म्हणतो', आणि मग प्रार्थना. माझ्यासाठी, माझ्या नावाने, माझ्या वतीने. शेवटी ते थांबत. मी 'आमेन' म्हणावे म्हणून. पहिले काही दिवस माझ्याकडून तो शब्द निघाला नाही, तेव्हा क्षणभर वाट पाहून त्यांनीच तो म्हटला आणि "बरंय सर, उद्या दुसरं कुणी करील" असे म्हणून फोन ठेवला. अकराव्या की बाराव्या रात्री आवाज आला तो त्या गिटारवाल्या गृहस्थांचा. त्यांना प्रार्थना फारशी चांगली करता येत नाही. वाक्ये अर्धवट सोडतात. त्या रात्रीही हिचे नाव घेतले आणि पुढचे वाक्य त्यांना जुळेना. तिकडे ते गप्प, इकडे मी गप्प, छत्रीवर पाऊस. शेवटी मीच 'आमेन' म्हटले. त्यांना मोकळे करायला म्हणून म्हटले, असे तेव्हा वाटले होते.

मला विचाराल तर, चर्च आहे ते एवढ्यासाठी आहे. प्रार्थना देवापर्यंत पोचवायला चर्च लागत नाही. ती टपालकचेरी नव्हे. ज्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघत नाही, त्या दिवशी माझी प्रार्थना म्हणायला कुणीतरी पाहिजे, आणि ते कुणीतरी ऐनवेळी गोळा करता येत नाही. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे एका बाकावर बसावे लागते, मानेला बोट टोचून घ्यावे लागते, हार्मोनियमवरून भांडावे लागते. हा सौदा महाग आहे, मला मान्य आहे. पण इतक्या खर्चावाचून कुणी रात्री आठला फोन करीत नाही.

आबाही येत. लांब, पायरीच्या खाली बसत. एकदा माझा फोन संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचं काय असंल ते मोठ्यानं म्हणत जावा. आमाला काय त्यातलं कळत न्हाई, पर मी बसतो." टिळकांचा दरबार अजून असता, तर आबांना तिथे पायरीच्या खाली बसू दिले नसते.

पुढे दारे उघडली. मावशी आता नाहीत. मी महिन्यातून एकदा पुण्याला जातो, मुलगा नेतो. आणि तोही हल्ली गाडीत न बसता आत येऊन मागच्या बाकावर बसतो. त्याला कारण मी विचारलेले नाही. बाकीच्या रविवारी माझ्या घरीच चारपाच जण जमतात. एक केरळची नर्स आहे, पौडकडच्या एका दवाखान्यात असते. जवळच्या फार्महाऊसवर राखण करणारे झारखंडच्या गुमला जिल्ह्यातले जोडपे आहे आणि त्यांचे तीन वर्षांचे पोर. तिचा पंथ वेगळा, त्यांचा वेगळा, माझा तिसराच. पाळक कुणीच नाही, तेव्हा प्रभुभोजन नाही. वचन वाचतो, एखादे गीत म्हणतो (हार्मोनियमवर), आणि शेवटी प्रभूची प्रार्थना एकदम, ज्याच्या त्याच्या भाषेत. मल्याळम, हिंदी आणि मराठीचा असा गलका होतो की पोर कानांवर हात ठेवते. नर्सबाईने मला सांगितले, की तिच्या भाषेतही आपल्यासारखेच 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत एकच. राखणदार म्हणाला, "हमारा तो एक ही में चल जाता है."

गेल्या खेपेला आबांनी घरचा आंबेमोहोर पाठवला होता. उपासनेनंतर त्याचाच भात झाला. ह्या रविवारी नर्सबाईची रात्रपाळी आहे, म्हणून सहाऐवजी चारला जमायचे ठरवले होते. आबांना सांगायला गेलो तर म्हणाले, चारला धारा काढायच्या असतात, जरा थांबा. तेव्हा साडेचार.